घरात लहान मुले आणि दिवसभर गोंधळ : हसणे कधी मदत करते, कधी पुरत नाही?

सकाळचे सव्वासात वाजले आहेत. गॅसवर दूध तापते आहे. चार वर्षांच्या मुलाला फेब्रुवारीच्या कोरड्या सकाळी रेनकोट घालूनच शाळेत जायचे आहे. दीड वर्षाच्या मुलीने कणकेच्या डब्यात दोन्ही हात घातले आहेत आणि आता ती ते हात सोफ्याला पुसते आहे. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत आहेत. तेवढ्यात दूध उतू जाते. तुम्ही ओरडता, मोठा रडू लागतो आणि धाकटी आनंदाने टाळ्या वाजवते.

हे दृश्य माझ्याच घरातले आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण कणकेच्या डब्याला ते ठाऊक नव्हते. तुमच्या घरी रेनकोटऐवजी दुसरे काही असेल, पण अशी सकाळ तुम्ही नक्की पाहिली असेल. अशा वेळी काही जणांना हसू येते, काहींना रडू, तर काहींचा हात उगारला जातो. बरेचदा एकाच दिवसात तिन्ही घडते.

"डॉक्टर, थोडं हसून घ्यावं असं सगळे सांगतात, पण हसू यायला तर हवं ना?" असे अनेक पालक विचारतात. हा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

हा गोंधळ का होतो?

मुलांच्या वागण्याचे कारण कळले की त्यातला "मुद्दाम" हा शब्द गळून पडतो. "हा मला मुद्दाम छळतो" असे वाटत असताना कोणालाच हसू येत नाही. म्हणून आधी कारणे पाहू.

*हट्ट आणि आकांडतांडव.* साधारण एक ते चार वर्षे या वयात हे सर्वाधिक दिसते. या वयात इच्छा मोठ्या असतात आणि त्या सांगायला शब्द अपुरे पडतात. शिवाय मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चा असतो. त्याची वाढ थेट विशीच्या मध्यापर्यंत सुरू राहते. त्यामुळे रेनकोटसाठी जमिनीवर लोळणाऱ्या मुलाला "जरा समजून घे" असे सांगणे म्हणजे चार महिन्यांच्या बाळाला "जरा चालून दाखव" म्हणण्यासारखे आहे.

*पुन्हा पुन्हा वस्तू फेकणे.* बाळ चमचा खाली टाकते, तुम्ही उचलता, ते पुन्हा टाकते. चमचा दर वेळी खालीच जातो का, दर वेळी आवाज येतो का आणि आई दर वेळी वाकते का, अशा तीन गोष्टी ते एकाच वेळी तपासत असते. त्याचा प्रयोग यशस्वी होतो, दुखते फक्त आपली कंबर.

*न जेवणे.* पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते फक्त दोन ते अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. ताटातला वरणभात डोक्यावर थापणाऱ्या मुलाचे पोट बहुधा भरलेले असते. वजन आणि उंची तक्त्याप्रमाणे वाढत असेल तर काळजीचे कारण नाही.

*झोपेच्या वेळी धिंगाणा.* मूल जास्त दमले की शांत होण्याऐवजी अधिक उड्या मारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. रात्री अकराला सोफ्यावरून उडी मारणारे मूल ताजेतवाने नसते. त्याची झोपायची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

हसल्याने काय होते?

दूध उतू गेले, मूल ओरडले की तुमचे शरीर संकट आल्यासारखे वागते. ॲड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, खांदे आणि जबडा आवळला जातो. या अवस्थेत माणूस विचार कमी करतो आणि तोंडातून जे निघेल ते बोलून मोकळा होतो.

खळखळून हसताना श्वास बराच वेळ बाहेर सोडला जातो आणि त्यानंतर स्नायू सैल पडतात. ब्रिटनमधील संशोधक रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मनापासून हसल्यानंतर लोकांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन नावाची रसायने यामागे असावीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांना असे दिसले की, समोर टीव्ही किंवा पुस्तक नसेल तर माणूस एकट्याने जेवढा हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो इतरांच्या सोबतीत हसतो. आपल्याकडे डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत मोजक्या लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तोही सगळ्यांनी मिळून हसण्यासाठीच. म्हणून दिवसभर दोन मुलांसोबत घरात एकट्या असलेल्या आईला हसू येत नसेल, तर तिचा स्वभाव रुक्ष आहे असा अर्थ काढू नका. तिच्यासोबत हसायला कोणी मोठे माणूस नाही, हेही कारण असू शकते.

हसण्याची मर्यादाही लक्षात ठेवा. हसण्याने झोप भरून निघत नाही आणि घरकामाची वाटणी होत नाही. ते फक्त राग आणि कृती यांच्यामध्ये दोन क्षणांची जागा करून देते. तेवढी जागाही पुष्कळदा पुरते.

मुलांना गंमत कधी कळते?

- साधारण चार महिने : बाळ मोठ्याने हसू लागते.
- आठ ते दहा महिने : तोंडावर पदर घेऊन "कुऽक" केले की खिदळते. दिसेनासा झालेला चेहरा परत येतो, हे त्याला आता कळू लागलेले असते.
- दीड ते दोन वर्षे : वस्तूचा चुकीचा वापर सर्वात विनोदी वाटतो. डोक्यावर चप्पल ठेवून "माझी टोपी कुठे आहे?" असे विचारून पाहा.
- तीन ते चार वर्षे : निरर्थक शब्द, उलटी नावे आणि शी-शूचे विनोद सुरू होतात. नेमके पाहुण्यांसमोर.

टोमणा मात्र या वयात कळत नाही. शब्द एक आणि अर्थ उलटा, हे समजायला पाच-सहा वर्षे किंवा त्याहून अधिक वय लागते. भिंत रंगवणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही दात ओठ खात "वा! फारच छान केलंस हं!" म्हणालात, तर ते खूश होऊन दुसरी भिंत घेईल. दोष त्याचा नाही, तुम्ही त्याचे कौतुक केलेत.

कशावर हसावे, कशावर नाही?

साधा नियम असा की प्रसंगावर हसावे, स्वतःवर हसावे, मुलासोबत हसावे. मुलावर हसू नये.

"आज आपल्या सोफ्याने पोळ्या खाल्ल्या" हे प्रसंगावर हसणे झाले. "बघा कसा रडका आहे" हे मुलावर हसणे झाले. पहिल्यात मूल सामील होते, दुसऱ्यात ते एकटे पडते. पुढील वेळी हसू आवरा :

- मूल घाबरलेले असेल, त्याला लागले असेल किंवा ते हमसून रडत असेल. आधी त्याला जवळ घ्या.
- मुलाने मारले, चावले किंवा वाईट शब्द उच्चारला. त्या क्षणी हसलात तर ते वागणे पुन्हा घडते. तोंड फिरवून हसा, मग वळून शांतपणे "मारायचं नाही" असे सांगा.
- मूल रडत असताना मोबाइल काढून चित्रीकरण करावेसे वाटले. नातेवाइकांच्या गटात ते गमतीचे वाटेल, पण मुलाला त्या वेळी कॅमेरा नको, आई-बाबा हवे असतात.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सुमारे ३०० प्रौढांचे एक छोटे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. ज्यांच्या आई-वडिलांनी वाढवताना विनोद वापरला होता, त्यांच्यापैकी बरेच अधिक जण आई-वडिलांशी आपले नाते चांगले असल्याचे सांगत होते. विनोदामुळेच नाते चांगले झाले, हे अशा सर्वेक्षणाने सिद्ध होत नाही. पण लहानपणी आपण कसे हसलो, हे लोक विसरत नाहीत एवढे नक्की.

गोंधळाच्या क्षणी काय करावे?

१. आधी सुरक्षितता. गॅस बंद करा, मुलाला पाण्याची बादली, गरम भांडे, उघडी बाल्कनी यांपासून दूर करा. बाकी सगळे थांबू शकते.

२. एक लांब श्वास सोडा. हसू येत नसेल तरी चालेल. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा.

३. क्रिकेटचे समालोचन करा. "आणि कणकेचा डबा गेला! आई धावते आहे, पण उशीर झाला आहे!" मोठ्याने बोलल्याने तुम्ही त्या प्रसंगाकडे थोडे बाहेरून पाहू लागता. मूलही रडायचे थांबून ऐकते.

४. हट्टाला दोन पर्याय द्या. "रेनकोट अंगावर घालायचा की दप्तरात ठेवायचा?" निवड त्याची, चौकट तुमची. ज्या हट्टाने कोणाचेच नुकसान होत नाही, तो खुशाल पुरवा.

५. रात्री दिवसाची एक गोष्ट सांगा. जोडीदाराला, बहिणीला, मैत्रिणीला "आजचा पराक्रम" फोनवर सांगा. सकाळी ज्याचे रडू आले त्याचेच रात्री सांगताना हसू येते. मुलाला ऐकू जात असेल तर त्याची फजिती न सांगता स्वतःची सांगा.

६. ओरडलात तर माफी मागा. "मी जोरात ओरडले, माझं चुकलं. मला राग आला होता." यात कमीपणा नाही. चूक झाल्यावर काय करायचे, हे मूल इथेच शिकते.

हात उगारला जाईल असे वाटले, तर मुलाला पाळण्यात किंवा सुरक्षित जागी ठेवा आणि पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. मूल रडत राहिले तरी हरकत नाही. तान्ह्या बाळाला कधीही जोराने हलवू किंवा गदागदा झटकू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते. बाळ फार रडते तेव्हा चांगल्या घरांतही हा धोका असतो, म्हणून तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

इथे गंमत नाही, दवाखाना हवा

- मुलाने घड्याळाचा किंवा रिमोटचा गोल सेल, लोहचुंबक, डांबराची गोळी, रॉकेल किंवा कोणाचे औषध गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब रुग्णालयात जा. घरी उलटी करवू नका. पाकीट किंवा बाटली सोबत घ्या.
- भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तूप लावू नका.
- घास अडकून मूल गुदमरत असेल, बेशुद्ध झाले असेल किंवा झटके येत असतील, तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

हसूच येईनासे झाले तर

काही वर्षांपूर्वी एक आई धाकट्या बाळाचा खोकला दाखवायला आली होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थोरल्याने पाण्याच्या टाकीत बाबांचा चष्मा कसा टाकला, ते ती सांगत होती. नवरा हसला, सासूबाई हसल्या, मीही हसले. सगळे बाहेर पडल्यावर ती पर्स घेण्याच्या निमित्ताने एकटी परत आली आणि म्हणाली, "मॅडम, मी हे सगळ्यांना सांगते, सगळे हसतात. मला मात्र यात काहीच गंमत वाटत नाही. पूर्वी वाटायची."

खोकल्याचे औषध मी आधीच लिहून दिले होते. खरी तक्रार ही होती.

बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिंबरो प्रश्नावली १९८७ मध्ये तयार झाली. तिच्यात दहा प्रश्न आहेत आणि पहिलाच प्रश्न हसण्याविषयी आहे. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसता आले का, एखाद्या प्रसंगातली गंमत दिसली का, असे तो विचारतो. म्हणजे हसू हरवणे हे डॉक्टरांच्या दृष्टीने लक्षण आहे. त्यात स्वभावदोष किंवा आईपणातली उणीव शोधू नये.

हा आजार दुर्मीळ नाही. गोव्यातील मातांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. अशा ठिकाणी "हसत राहा" हा सल्ला नुसता अपुरा नाही, तो अन्यायाचा आहे.

पुढील गोष्टी दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ रोज जाणवत असतील तर डॉक्टरांना सांगा :

- कशातच आनंद न वाटणे, वारंवार रडू येणे किंवा सगळे बधिर वाटणे
- बाळ झोपले असतानाही झोप न लागणे
- सतत चिडचिड, अपराधीपणा, "मी चांगली आई नाही" असे वाटणे
- बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा टोकाची भीती वाटणे

स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा वागणे अचानक बदलले असेल, तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांनी तिला किंवा बाळाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. स्तनपान सुरू असताना घेता येतील अशीही औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावीत आणि बंदही त्यांच्याच सल्ल्याने करावीत. वडिलांनाही नैराश्य येते. त्यांच्यात ते अनेकदा रागाच्या किंवा घरापासून दूर राहण्याच्या रूपात दिसते.

त्या आईवर उपचार झाले आणि काही महिन्यांनी ती लसीकरणासाठी आली. या वेळी थोरल्याने माझा स्टेथोस्कोप स्वतःच्या नाकाला लावला. ती आधी हसली, मग आम्ही.

घरच्यांसाठी

"आमच्या वेळी पाच-पाच पोरं वाढवली" असे म्हणण्याआधी त्या वेळी घरात किती हात होते ते आठवा. सूनबाईला, लेकीला किंवा बायकोला "जरा हस की" असे सांगू नका. त्याऐवजी अर्धा तास बाळ सांभाळा, रात्रीचे एक उठणे आपल्याकडे घ्या आणि आज काय काय झाले ते विचारा. ती सांगत असताना मोबाइल बाजूला ठेवा. झोप आणि सोबत मिळाली की हसू बहुधा आपणहून येते. आले नाही, तर वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांकडे चला.

आणि त्या रेनकोटचे काय झाले? तो अंगावर घालूनच आमचे चिरंजीव शाळेत गेले. दुपारी घामाघूम होऊन परतले आणि मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "आई, आज पाऊस आलाच नाही. पण मी तयार होतो." रात्री हे नवऱ्याला सांगताना आम्ही दोघे इतके हसलो की धाकटी जागी झाली. मग तिला झोपवायला आणखी एक तास गेला.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या किंवा स्वतःच्या तक्रारीसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*